दोन घरचा पाहुणा उपाशी राहू नये म्हणून: मानसशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र शिकू पाहणाऱ्यांसाठी

"मला माणसं समजून घ्यायला आवडतं. मग सायकॉलॉजी घेऊ की सोशिऑलॉजी?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास कानावर येतो. उत्तर देणारे बहुतेकदा नोकरीकडे बघून उत्तर देतात. सायकॉलॉजी घे, काउन्सेलर होशील. सोशिऑलॉजी घेतलंस तर स्पर्धा परीक्षेशिवाय गत्यंतर नाही.

हा लेख या दोन्ही उत्तरांनी समाधान न होणाऱ्यांसाठी आहे. माणूस असा का वागतो हे त्याच्या मनातही शोधायचं आणि त्याच्या भोवतालीही, अशी ज्यांची ओढ आहे त्यांच्यासाठी. आपल्या बहुतेक विद्यापीठांत याला स्वतंत्र विभाग नाही. सामाजिक मानसशास्त्र नावाचा एखादा पेपर असतो, तो एका सेमिस्टरमध्ये उरकतो. उरलेली जोडणी विद्यार्थ्यालाच करावी लागते आणि ती कोणत्या क्रमाने करावी हे सांगणारं फारसं कुणी भेटत नाही. माझा अनुभव असा की क्रम चुकला तर माणूस दोन्ही विषयांत अर्धवट राहतो. म्हणून क्रमाने सांगते.

1. विषयाआधी प्रश्न लिहून काढा

प्रवेशाचा अर्ज भरायच्या आधी एक कागद घ्या आणि तुम्हाला खरोखर छळणारा एक प्रश्न त्यावर लिहा. "मला मानवी मनात रस आहे" हा प्रश्न नव्हे. प्रश्नात माणसं दिसली पाहिजेत, जागा दिसली पाहिजे.

उदाहरण घेऊ. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमध्ये एमपीएससीचा अभ्यास करणारी हजारो मुलं राहतात. बीड, जालना, नांदेड, यवतमाळहून आलेली. कॉट बेसिसवर खोली, दोन वेळची मेस, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची. तिसऱ्या-चौथ्या अटेम्प्टनंतर एखादा मुलगा गावी जाणं टाळू लागतो, फोन उचलत नाही, झोप उडते. मानसशास्त्राचा विद्यार्थी विचारेल: याला चिंतेचा विकार आहे का? स्वतःच्या क्षमतेवरचा त्याचा विश्वास किती उरला आहे? अपयशाचं खापर तो कशावर फोडतो, स्वतःवर की नशिबावर? समाजशास्त्राचा विद्यार्थी विचारेल: जागा किती निघाल्या आणि अर्ज किती आले? शेतीतून बाहेर पडायचा दुसरा कोणता रस्ता त्याच्या तालुक्यात आहे? 'साहेब' झालेल्या एकाच्या सत्काराचे फ्लेक्स गावभर लागतात, तेव्हा न झालेल्यांकडे गाव कसं बघतं?

दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. पण तुम्हाला ज्या अभ्यासाकडे जायचंय त्याचा प्रश्न या दोन्हींच्या मध्ये आहे: जागा कमी आणि अर्ज जास्त हे उघड गणित त्या मुलाच्या मनात "मीच कमी पडलो" असं कसं होऊन बसतं? बाहेरची टंचाई आत जाऊन लाज कशी होते? आणि ज्यांच्या बाबतीत ती होत नाही, त्यांच्यापाशी असं काय असतं? मित्रांचा कट्टा, घरची दहा एकर, की आधीच्या पिढीतला एखादा शिकलेला काका?

असा एक प्रश्न हाताशी असला की पुढचे निर्णय सोपे होतात. कोणतं कॉलेज, कोणता मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय), कोणते गाइड, सगळं त्या प्रश्नाला विचारून ठरवता येतं. प्रश्न वर्षभरात बदलला तरी हरकत नाही. बदलतोच.

2. दोन्ही घरांचा इतिहास थोडा माहीत करून घ्या

फार खोलात जायची गरज नाही, पण ही दुफळी कुठून आली ते कळलं तर वर्गातले बरेच वाद समजतात. 1897 मध्ये एमिल द्युर्केम यांनी आत्महत्येवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्येसारखी पराकोटीची खासगी कृतीसुद्धा समाजाच्या घडणीनुसार कमीजास्त होते, हे त्यांनी आकडेवारीवरून मांडलं. त्यानंतर 1908 मध्ये एक गंमत झाली. सामाजिक मानसशास्त्र हेच नाव घेऊन एकाच वर्षी दोन पुस्तकं आली. एक विल्यम मॅकडूगल या मानसशास्त्रज्ञाचं, दुसरं एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाचं. पहिल्याने सुरुवात केली माणसाच्या सहजप्रेरणांपासून, दुसऱ्याने गर्दी, फॅशन, रूढी यांच्यापासून. नाव एक, संसार दोन. ही वाटणी अजून मिटलेली नाही.

भारतात मात्र सुरुवातीला एक वेगळी गोष्ट घडली होती, आणि ती अभ्यासक्रमात क्वचितच सांगतात. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा करणारे एन. एन. सेनगुप्त आणि लखनौचे समाजशास्त्रज्ञ राधाकमल मुखर्जी यांनी 1928 मध्ये सामाजिक मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक मिळून लिहिलं. म्हणजे दोन्ही घरांनी एकत्र स्वयंपाक केला होता. पुढे विभाग वाढले, पदं वाढली आणि चुली वेगळ्या झाल्या. मुंबईत 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्यापासून सुरू झालेला समाजशास्त्र विभाग 1924 पासून गो. स. घुर्ये यांनी घडवला आणि तो जात, जमात, कुटुंब या अंगाने गेला. मानसशास्त्राचे विभाग प्रयोगशाळा, चाचण्या आणि समुपदेशनाकडे वळले.

दोन्हीकडे वावरलेला माणूस बघायचा असेल तर आशिष नंदी यांचं नाव लक्षात ठेवा. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात समाजशास्त्राकडे वळले आणि नंतर अहमदाबादला चिकित्सा मानसशास्त्रात (क्लिनिकल सायकॉलॉजीत) पीएचडी केली. वसाहतवाद राज्य करणाऱ्यांच्या आणि गुलामांच्या मनात काय करून जातो, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. त्यांचं सगळं पटायला हवं असं नाही. मला स्वतःला ते आधुनिकतेवर जरा जास्तच रागावलेले वाटतात. पण नागपूरचं समाजशास्त्र आणि अहमदाबादचं मानसशास्त्र एका डोक्यात कसं नांदतं ते त्यांच्या लिखाणात दिसतं.

3. प्रवेश घेताना काय तपासायचं

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवीला मेजर आणि मायनर अशी रचना आली आहे. तुमच्या दृष्टीने ही चांगली सोय आहे: मानसशास्त्र मेजर आणि समाजशास्त्र मायनर, किंवा उलट. पण मायनर कागदावर असून भागत नाही, तो विभाग त्या कॉलेजात असावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी पुष्कळ कॉलेजांत समाजशास्त्र असतं आणि मानसशास्त्र नसतं. तेव्हा प्रवेशाच्या खिडकीवर "सायकॉलॉजी आहे का?" एवढं विचारून परत येऊ नका. तीन प्रश्न विचारा. दोन्ही विभागांत पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? मायनरची जोडी वेळापत्रकात खरोखर बसते का, की दोन्ही तास एकाच वेळी येतात? शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प करायला मिळतो का? शक्य झालं तर हेच प्रश्न तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही विचारा. माहितीपत्रकात न छापलेलं बरंच काही त्यांच्याकडून कळतं.

घरून किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी एक बदल नीट लक्षात घ्यावा. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पदवीसाठी देऊ नये, असा निर्णय यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) घेतला आहे. आरोग्यसेवेशी संबंधित विषयांच्या यादीत तो टाकला गेला, हे त्यामागचं कारण. मुक्त विद्यापीठातून सायकॉलॉजीचं एमए करू असा बेत असेल, तर आधी त्या वर्षीची परिस्थिती त्या विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. कुणी एजंट "अजून चालू आहे, फी भरून टाका" म्हणाला तर खिसा सांभाळा. हा निर्णय मला अर्धाच पटतो. समुपदेशकाला समोरासमोरचं प्रशिक्षण हवं हे खरंच. पण ज्याला रुग्ण तपासायचेच नाहीत, फक्त विषय शिकायचाय, त्या गृहिणीची किंवा पोलीस हवालदाराची वाट त्यात बंद झाली. समाजशास्त्राला ही अडचण नाही, त्यामुळे अशांनी त्या दारातून आत यावं आणि मानसशास्त्राचं वाचन स्वतः करावं.

4. पहिल्या सहा महिन्यांत: शब्द आणि आकडे

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पहिली ठेच इंग्रजी पारिभाषिक शब्दांना लागते. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्र आणि समाजशास्त्राची पाठ्यपुस्तकं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही आवृत्त्या फुकट उतरवून घेता येतात. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. अभिवृत्ती, पूर्वग्रह, साचेबंद प्रतिमा, सामाजिक प्रमाणके, सामाजीकरण हे शब्द दोन्ही भाषांत एकदा बसले की पुढचं इंग्रजी वाचन निम्म्याने हलकं होतं. शास्त्र किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्यांनी तर हे आधी करावं. "ही लहान मुलांची पुस्तकं" म्हणून नाक मुरडू नका. पुढे ई-पीजी पाठशाला आणि स्वयम या सरकारी संकेतस्थळांवर एमए पातळीचं साहित्य मोफत आहे.

दुसरी ठेच संख्याशास्त्राला. "गणित नको म्हणून आर्ट्स घेतलं आणि इथेही तेच" ही तक्रार दर वर्षी ऐकू येते. सुटका नाही. मध्य (सरासरी), प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते) आणि दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे की नाही हे तपासण्याची पद्धत, एवढं पहिल्या वर्षात हातात बसलं पाहिजे. महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यायची किंवा कुठून तरी 'क्रॅक' मिळवायची गरज नाही. जमोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

5. गाजलेले प्रयोग वाचा, पण पाया पडू नका

पहिल्याच वर्षी तुम्हाला हुकमापुढे माणूस किती वाकतो हे तपासणारे मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम भेटतील. येल विद्यापीठात 40 पुरुषांना सांगितलं गेलं की शेजारच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की विजेचा धक्का द्या. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. 1963 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मग 1971 चा झिंबार्डो यांचा, कॉलेजच्या मुलांना पहारेकरी आणि कैदी बनवणारा तुरुंगाचा प्रयोग येतो, न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज या तरुणीच्या खुनाच्या वेळी 38 जण नुसते बघत राहिले ही गोष्ट येते. अंगावर काटा येतो आणि विद्यार्थी या विषयाच्या प्रेमात पडतात.

प्रेमात पडा, पण चौकशी करून. झिंबार्डो यांच्या प्रयोगात पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या, असं नंतर उघड झालं. 38 बघ्यांची गोष्ट वर्तमानपत्राने फुगवलेली होती. आणि 2015 मध्ये शेकडो संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांमध्ये पुन्हा सांख्यिकीदृष्ट्या ठळक निष्कर्ष मिळाला. सामाजिक मानसशास्त्राची अवस्था त्यात जास्तच वाईट होती.

याच्या जोडीला आणखी एक आकडा वहीत लिहून ठेवा. आघाडीच्या मानसशास्त्रीय नियतकालिकांत ज्यांच्यावर अभ्यास होतात त्यांतले सुमारे 96 टक्के लोक जगाच्या जेमतेम 12 टक्के लोकसंख्येतून, म्हणजे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतून येतात. त्यातही बरेचसे कॉलेजची मुलं. म्हणून पाठ्यपुस्तकात "माणूस" असा शब्द आला की मनाशी विचारावं: कोणता माणूस? एकत्र कुटुंबातली धाकटी सून यात कुठे बसते?

6. आपल्याकडचं काम शोधून वाचा

या पायरीवर मी मुद्दाम थांबणार आहे, कारण बहुतेक विद्यार्थी ती गाळतात. "भारतीय अभ्यास कुठे आहेत?" असं विचारतात. आहेत.

15 जानेवारी 1934 ला बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या दिवसांत लोकांमध्ये फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार. नेपाळच्या सीमेकडून पुराचा लोंढा येतोय. 23 जानेवारी हा घातवार आहे. 1935 मध्ये त्यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. चमत्कारिक गोष्ट ही की अशा अफवा जिथे जोराचे हादरे बसले पण पडझड झाली नाही, अशा भागांत फिरत होत्या. पोटात भीती होती आणि डोळ्यांसमोर भीतीचं कारण दिसत नव्हतं. याउलट मानसशास्त्रज्ञ दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरड कोसळण्याच्या घटनेनंतर प्रत्यक्ष नुकसान झालेल्या भागात पाहणी केली, तर तिथे असल्या भयंकर भाकितांचा सुळसुळाट नव्हता. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी हे दोन्ही अभ्यास वाचले. आत वाटणारी भीती आणि बाहेर दिसणारं शाबूत घर यांचा मेळ बसेना म्हणून मन भीतीला शोभेल असं संकट शोधतं, असं त्यांना वाटलं. 1957 मध्ये त्यांनी मांडलेला बोधात्मक विसंगतीचा (कॉग्निटिव्ह डिसोनन्स) सिद्धांत आज जगभर शिकवतात. त्याच्या मुळाशी बिहारमधल्या अफवांची वही आहे, हे आपल्याच मुलांना माहीत नसतं.

आता हा अभ्यास हातात घेऊन धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय घडलं ते आठवा. 1 जुलै 2018. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश मोबाइलवर फिरत होते आणि भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. जमुना प्रसादांची अफवा फक्त भाकीत करत होती. इथे अफवेला आयते आरोपी मिळाले, आणि ते कोण असणार हे आधीच ठरलं होतं: परगावचे, भटके, ज्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नाही असे. घाबरलेलं मन हा निम्मा भाग आणि भटक्या जमातींकडे बघण्याची पिढीजात नजर हा उरलेला निम्मा. एकाच विषयाने हे प्रकरण उलगडत नाही.

आणखी दोन अभ्यास जरूर वाचा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत 321 उच्च जातीची आणि 321 दलित जातींतली मुलं घेऊन त्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. बरोबर सुटलेल्या कोड्यामागे पैसे. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले. सगळ्यांसमोर नाव-जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, कागद तोच, खोली तीच, फक्त एक घोषणा मधे आली. संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला तो जास्त महत्त्वाचा आहे: ही मुलं आत्मविश्वास गमावतात, की "आपल्याला न्याय मिळणारच नाही" असा अनुभवावरून रास्त अंदाज बांधतात?

तो अंदाज किती रास्त आहे हे दुसऱ्या अभ्यासात दिसतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाआडनावात. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं कमी वेळा आलं. 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त तो निबंध आला. दोन्ही एका बैठकीत वाचा. पहिल्यात समाज मुलाच्या हातात उतरतो, दुसऱ्यात अधिकाऱ्याच्या टेबलावर बसलेला दिसतो.

7. डोळे तयार करा: एक महिनाभराचा सराव

पुस्तकं वाचून निरीक्षण येत नाही. त्यासाठी रोजची एक जागा निवडा. मुंबईकरांना लोकलहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. सेकंड क्लासच्या बाकावर तीन जणांची जागा असते आणि चौथा बसतो. 'चौथी सीट' कुठल्याही नियमात नाही, तरी हाताने नुसती खूण केली की तिघं सरकतात. आता बघा: कुणी नुसती खूण करतं, कुणी "जरा सरकता का" म्हणतं आणि कुणी उभंच राहतं. कुणाला पाहून बसलेले न सांगता सरकतात आणि कुणाला पाहून खिडकीबाहेर बघू लागतात? कामगाराचे सिमेंटने माखलेले कपडे, भाजीची टोपली, बुरखा, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र, यांनी काय फरक पडतो? फर्स्ट क्लासमध्ये तोच बाक असतो पण चौथा बसायला लागला की कपाळाला आठ्या पडतात. तोच माणूस पास बदलला की वेगळं का वागतो? लेडीज डब्यात "कुठे उतरणार?" विचारून सीट आधीच 'बुक' करण्याची जी पद्धत आहे, तिथे रांग नसताना रांग कशी पाळली जाते आणि ती मोडणारीला काय ऐकावं लागतं?

रोज डब्यातून उतरल्यावर दहा मिनिटांत टिपण लिहा. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे फक्त दिसलं ते: कोण, कुठे, काय बोललं. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं. "त्या बाईंना राग आला" हे उजवीकडचं वाक्य आहे. "त्यांनी पर्स मांडीवरून उचलून मधल्या जागेत ठेवली" हे डावीकडचं. सुरुवातीला सगळं उजवीकडेच जातं. महिन्याभरात डावीकडचा भाग भरू लागला की समजा नजर तयार होतेय.

लोकल नसेल तर एसटी स्टँड, रेशन दुकान, सरकारी दवाखान्याची ओपीडी, चावडी, काहीही चालतं. फोटो आणि लपून रेकॉर्डिंग मात्र नको. कुणाची ओळख पटेल असं काही लिहायचं नाही.

8. प्रश्नावली आणि मुलाखत: इथेच बहुतेक प्रकल्प घसरतात

शेवटच्या वर्षाचे अर्धे प्रकल्प असे असतात: इंग्रजी प्रश्नावली उचलायची, गूगल फॉर्म करायचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, शंभर उत्तरं आली की "महाराष्ट्रातील तरुण" असं शीर्षक द्यायचं. त्या शंभरात तुमच्याच वर्गातली ऐंशी असतात. असं करायचंच असेल तर निदान शीर्षकात खरं लिहा.

प्रश्नावली मराठीत आणताना एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं, ही किमान शिस्त. तरीही ग्रामीण भागात "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?" हा प्रश्न लंगडा पडतो. समोरची बाई "उदास" म्हणत नाही. "जिवाला बरं वाटत नाही", "डोकं भणभणतं", "कशात मन लागत नाही", "अंगात त्राणच नाही" असं म्हणते. आधी आठ-दहा जणांशी नुसत्या गप्पा मारा, त्यांचे शब्द टिपा आणि मग प्रश्न लिहा.

मुलाखतीच्या पुस्तकात एकांत गृहीत धरलेला असतो. तुम्ही घरात पाय ठेवलात की सासूबाई शेजारी येऊन बसतात, दीर दारात उभा राहतो, दोन पोरं लॅपटॉपकडे बघत बसतात आणि प्रश्न सुनेला विचारला तरी उत्तर भलतंच कुणी देतं. त्यांना हाकलू नका, ते शक्यही नाही. कोण कुणाच्या वतीने बोललं, सून कधी गप्प झाली, हेही लिहून घ्या. ती तुमची माहितीच आहे. मग पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर किंवा बचत गटाच्या बैठकीनंतर तिच्याशी वेगळं बोलता येतं का ते पाहा.

आणि तुम्ही स्वतः कोण आहात हे समोरच्याला दोन मिनिटांत कळलेलं असतं. "आडनाव काय म्हणालात?" हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. तुमचं आडनाव, गाव, बोलण्याची ढब यावरून उत्तरं बदलतात. प्रकल्पाच्या अहवालात यावर एक परिच्छेद जरूर लिहा. संमती घ्या, नावं बदला, आणि दुःखाचे विषय काढणार असाल तर जवळच्या समुपदेशन केंद्राचा किंवा सरकारी टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर बरोबर ठेवा. कुणाला रडवून निघून येणं हे संशोधन नव्हे.

9. एमए आणि त्यानंतर

एमएला गेलात की विभागणी पुन्हा कडक होते. मानसशास्त्रात चिकित्सा, समुपदेशन, औद्योगिक अशा शाखा विचारतात आणि समाज मागे पडतो. मुंबई विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही जवळची ठिकाणं. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 पासून आहे. तिथे फील्डवर्क अभ्यासाचाच भाग असतं, आणि समाजकार्याच्या अंगाने मानसिक आरोग्य शिकण्याची सोयही आहे. तुमचा प्रश्न लोकांत जाऊन काम करण्याचा असेल तर मी तो मार्ग सुचवेन. दिल्लीच्या डॉ. बी. आर. आंबेडकर विद्यापीठाने मन आणि समाज एकत्र बघणाऱ्या मनोसामाजिक अभ्यासाची वाट पाडली आहे. अशा संस्थांचे प्रवेश आता बहुधा सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेपासून सुरू होतात. तिचे अर्ज हिवाळ्यातच येऊन जातात, म्हणून टीवायच्या दिवाळीनंतर डोळे उघडे ठेवा. परदेशाचा विचार असेल तर लंडनला बर्कबेक आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथे या जोडअभ्यासाची परंपरा आहे, पण फीचा आकडा बघून मग पुढचं स्वप्न बघा.

नोकरीबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. सर्वसाधारण मानसशास्त्राच्या एमएवर 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. त्यासाठीची एम.फिल. बंद होऊन हे अभ्यासक्रम सध्या नव्याने बसवले जात आहेत, म्हणून सीनियरने तीन वर्षांपूर्वी दिलेल्या माहितीवर विसंबू नका.

जोडअभ्यास केलेल्यांची खरी गरज सार्वजनिक आरोग्य, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, शिक्षण आणि काही प्रमाणात कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात आहे. गोव्यात 1996 पासून काम करणारी संगाथ ही संस्था बघा. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर पहिली मदत देता येते, हे तिने चाचण्या घेऊन दाखवलं. तिचाच 'विश्राम' कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातल्या गावांत झाला, जिथे शेतकरी आत्महत्यांची छाया होती. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायचे. अशा कामात नुसतं समुपदेशन येणारा अडतो, कारण कर्ज आणि पाऊस त्याच्या खोलीत मावत नाहीत. नुसतं कर्जाचं राजकारण कळणाराही अडतो, कारण रात्री अडीचला जागा असलेल्या माणसाशी काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट कोणत्या विषयात द्यायची हे एमएला प्रवेश घेतानाच ठरवा. पात्रतेच्या वेळी पदव्युत्तर पदवीचा विषय बघतात आणि मानसशास्त्राच्या जागेसाठी समाजशास्त्राचं एमए चालत नाही. पीएचडीला दोन विभागांतले दोन मार्गदर्शक घेता येतील का, हे अर्जाआधी विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या. तोंडी "हो हो, होऊन जाईल" यावर थांबू नका.